पाणी बदलून हिशेब मिटत नाही

बेळगावातील एका जलतरण तलावाच्या दारावर दरवर्षी एप्रिल महिन्यात एक पाटी लागते: ‘तलावातील पाणी बदलले आहे.’ ही पाटी वाचली की मुलांना घेऊन आलेले आईबाप निर्धास्त होतात. पाणी नवे म्हणजे चांगले, यात शंका कसली घ्यायची? २०२४ च्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी याच पाटीखाली टेबल टाकून बसत होतो. तिकिटे फाडणे, महिन्याचे पास लिहिणे, आलेली बिले फाइलला लावणे आणि संध्याकाळी गल्ला मोजून वही मिळवणे, एवढे माझे काम. त्या दोन महिन्यांत त्या पाटीवरचा माझा विश्वास उडाला, तो अजून परत आलेला नाही. तलावाचे नाव मी सांगणार नाही. तिथे घडले ते पुष्कळ ठिकाणी घडत असणार, आणि नाव छापल्याने काही पाणी सुधारत नाही.

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने रसायनशास्त्रात तोंड घालू नये, असे आमच्या विज्ञान शाखेच्या मित्रांना वाटेल. ते मला मान्य आहे. पण माझ्या मनात पहिली शंका आली ती बिले पाहून. तलाव उघडल्यावर पहिल्या आठवड्यात ब्लीचिंग पावडरचे एक पोते आले. दुसऱ्या आठवड्यात दोन आली. तिसऱ्या आठवड्यात चार पोती, शिवाय ॲसिडचे कॅन, तुरटी आणि मोरचूद. त्याच तीन आठवड्यांत तिकिटांची विक्री मात्र निम्म्यावर आली. माल दुप्पट लागतो आणि गिऱ्हाईक निम्मे होते, असा धंदा दिसला की कुठे तरी मुळातच चुकते आहे हे ओळखायला रसायनशास्त्र लागत नाही.

झाले होते ते असे. तलाव पंचवीस मीटर लांब, दहा मीटर रुंद आणि सरासरी दीड मीटर खोल. म्हणजे पाणी ३,७५,००० लिटर. एप्रिलमध्ये तो पूर्ण रिकामा केला, घासला, आणि थोडे बोअरचे व बाकी टँकरचे पाणी आणून भरला. चार दिवस पाणी निळेशार दिसले. पाचव्या दिवशी कोपऱ्यांत हिरवट झाक आली. ‘पावडर वाढवा’ असा हुकूम आला. पावडर वाढली आणि पाणी दुधाळ झाले. तुरटी टाकली, पुन्हा पावडर टाकली. मुलांचे डोळे लाल होऊ लागले. एक आई माझ्या टेबलापाशी आली आणि मुलाचे डोळे दाखवून म्हणाली, ‘अहो, पाणी बदललंय असं तुम्हीच लिहिलंय ना?’ ती पाटी मी लिहिली नव्हती. पण खाली बसलो होतो मीच.

मग कोणी तरी सांगितले की ॲसिड टाका. तलावाची देखभाल करणारे अण्णा पंचावन्नच्या पुढचे गृहस्थ. त्यांची भाषा कन्नड. मराठी समजते, बोलतात मोडकी. रोज सकाळी तलावात हात बुडवून ते मला सांगत, ‘तम्मा, नीर छलो ऐति.’ पाणी चांगले आहे. त्या दिवशी त्यांनी ज्या बादलीत सकाळी पावडर कालवली होती, त्याच बादलीत ॲसिड ओतले. तळाशी पावडरचा साका राहिला होता. हिरवट पिवळा धूर निघाला आणि अण्णा खोकत खाली बसले. तो धूर म्हणजे क्लोरीन वायू. जागा उघडी होती आणि वारा होता, म्हणून वाचले. एक रात्र दवाखान्यात काढून ते घरी गेले. सहा दिवस कामावर आले नाहीत, त्या सहा दिवसांचा पगार कापला गेला आणि ‘त्यांच्या निष्काळजीपणामुळे झाले’ असे ठरून विषय मिटला. दोन दिवसांनी दुसरा निर्णय झाला: पाणी बिघडले आहे, तलाव पुन्हा रिकामा करा.

माझा आक्षेप आहे तो या दोन्ही निर्णयांवर.

आधी पाण्याविषयी. नवे पाणी म्हणजे चांगले पाणी, ही समजूत आपल्याकडे विहिरीवरून आली असावी. माझे वडील पाठीला पत्र्याचा डबा बांधून विहिरीत पोहायला शिकले. विहिरीला झरे असतात. पाणी उपसले जाते, नवे येते, जमिनीतले क्षार त्यात विरघळलेले असतात. ते चालू खाते आहे, जमा आणि खर्च आपोआप होत राहतो. सिमेंटचा तलाव तसा नाही. त्यात जे टाकाल तेच राहणार आणि जे टाकणार नाही ते कुठून येणारही नाही. तलाव रिकामा करून भरणे म्हणजे जुनी वही फाडून कोरी वही उघडणे होय. कोरी वही दिसायला सुंदर असते, पण तिच्यात आरंभीची शिल्लक लिहिलेली नसते.

आमच्या महाविद्यालयातील रसायनशास्त्राच्या सरांकडे मी पाण्याची बाटली घेऊन गेलो, तेव्हा त्यांनी मला ही आरंभीची शिल्लक म्हणजे काय ते समजावून सांगितले. त्यात मुख्य रकमा पाच.

पहिली क्षारता, जिला अल्कलिनिटी म्हणतात. पाण्यात विरघळलेला बायकार्बोनेट हा पाण्याचा आधार असतो. तो पुरेसा असला की थोडे ॲसिड किंवा थोडी पावडर पडली तरी पाणी डगमगत नाही. लिटरला ८० ते १२० मिलिग्रॅम क्षारता हवी. दुसरी रक्कम सामू, म्हणजे पीएच. तो ७.२ ते ७.८ च्या दरम्यान हवा. आपल्या अश्रूंचा सामू सुमारे ७.४ असतो, तेव्हा डोळ्यांना काय सोसवेल हे यावरूनच कळावे. तिसरी रक्कम कठीणपणा, म्हणजे पाण्यातील कॅल्शियम. तो निदान १५० असावा, आणि ४०० च्या वर जाऊ नये. हे डोळ्यांसाठी नव्हे, तलावासाठी. पाण्यात चुना कमी असला तर ते तो सिमेंटमधून आणि फरश्यांच्या सांध्यांतून खाते. चौथी रक्कम सायन्युरिक आम्ल, सुमारे ३० ते ५०. ते क्लोरीनला उन्हापासून सांभाळते. ते नसेल तर मे महिन्याच्या भर उन्हात दोन-तीन तासांत बहुतेक क्लोरीन उडून जातो. आणि पाचवा स्वतः क्लोरीन. तो मोकळ्या स्वरूपात लिटरला १ ते ३ मिलिग्रॅम हवा. सायन्युरिक आम्ल घातलेले असेल तर २ च्या खाली येऊ देऊ नये.

आमच्याकडे विकत घेतला जात होता तो फक्त पाचवा. पहिल्या चारांचे एकही बिल माझ्या फाइलमध्ये नव्हते.

आता काय झाले असेल ते पाहा. नव्या पाण्यात क्षारता जेमतेम, म्हणजे आधारच नाही. ब्लीचिंग पावडर स्वतः चुन्याची, ती पडली की सामू वर चढतो. आणि सामू चढला की क्लोरीनचे बळ घटते. क्लोरीनमधला जंतू मारणारा भाग हायपोक्लोरस आम्लाचा. सामू ७.५ असताना क्लोरीनपैकी साधारण निम्मा या रूपात असतो, ८ असताना सुमारे पाव आणि ८.५ असताना दहावा हिस्सा. म्हणजे आम्ही जितकी पावडर टाकत होतो, तितके तिचेच बळ कमी करत होतो. जे काही उरत होते ते ऊन खात होते. शेवाळ वाढले यात नवल नाही. त्यावर तुरटी टाकली. तुरटी गढूळपणा खाली बसवते हे खरे, पण एक किलो तुरटी सुमारे अर्धा किलो क्षारता खाते. होता तो आधारही गेला. मग ॲसिड टाकले, आणि आधार नसल्यामुळे सामू धाडकन खाली आला. डोळे लाल झाले त्याचे आणखी एक कारण सरांनी सांगितले. तलावावर येणारा तो उग्र ‘क्लोरीनचा वास’ जास्त क्लोरीनचा नसतोच. घाम, लघवी यांच्याशी क्लोरीनचा संयोग होऊन क्लोरामाइन बनतात, त्यांचा तो वास असतो. वास येतो म्हणजे मोकळा क्लोरीन बहुधा कमी पडला आहे. आपण मात्र वास आला की म्हणतो, ‘भरपूर औषध टाकलेले दिसते.’

हे सारे ऐकल्यावर मी सरांबरोबर व्यवस्थापकांकडे गेलो आणि तलाव रिकामा करू नका, अशी विनंती केली. रिकामा करण्याची गरज नव्हती. त्याच पाण्यात आधार घालून, सामू ठीक करून, गाळणी रात्रंदिवस चालवून ते सुधारता आले असते. पाणी टाकून देण्यावाचून इलाज नसतो तो काही थोड्या बाबतींत. कठीणपणा फार वाढला तर, किंवा सायन्युरिक आम्ल साचले तर. ज्या तलावांत क्लोरीनच्या तयार गोळ्या वापरतात तिथे हे दुसरे हटकून होते. त्या गोळ्यांतून लिटरला १० मिलिग्रॅम क्लोरीन घातला की मागे ६ मिलिग्रॅम सायन्युरिक आम्ल राहते, आणि ते उन्हाने किंवा गाळणीने जात नाही. पण तेव्हाही अर्धे पाणी बदलले की साठा अर्ध्यावर येतो. सगळे बदलण्याचे कारण क्वचित पडते. पावसाळ्यात तर रिकामा तलाव ठेवणे धोक्याचे. जमिनीतले पाणी चढले की त्याच्या दाबाने तलावाचा तळ उचलला जाऊ शकतो.

आमचे म्हणणे मानले गेले नाही. ३,७५,००० लिटर पाणी गटारात गेले. १२,००० लिटरचा टँकर धरला तर एकतीस खेपा होतात. शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी मिळावे असा सरकारी दंडक आहे. त्या हिशेबाने हे २,७७७ माणसांचे एका दिवसाचे पाणी. २०२३ साली कर्नाटकात दुष्काळ पडला होता, आणि त्यानंतरचा हा उन्हाळा. राकसकोप आणि हिडकलच्या पाण्याकडे सारे शहर डोळे लावून बसले होते. आमच्या गल्लीत घागरी रांगेत होत्या. त्या दिवशी मी वहीत टँकरचा खर्च लिहिला, पण वाया गेलेल्या पाण्याला वहीत रकानाच नव्हता.

एवढे मात्र झाले की दुसऱ्यांदा भरताना सरांना विचारण्यात आले. भरलेले पाणी एक दिवस गाळणीतून फिरवून त्यांनी तपासले. क्षारता ४०, कठीणपणा ५०, सामू ६.९. मग क्रमाने काम सुरू झाले. पाणी उघड्यावर असल्याने क्लोरीनची हलकी मात्रा पहिल्या दिवसापासून चालू ठेवली. आधी क्षारता. तिच्यासाठी लागतो तो आपल्या स्वयंपाकघरातला खाण्याचा सोडा. हजार लिटरला सुमारे १७ ग्रॅम घातला की क्षारता १० ने वाढते. ४० वरून ९० वर न्यायला साडेएकतीस किलो लागला. तो दोन दिवसांत विभागून घातला. त्यानेच सामूही ७.४ च्या आसपास आला, ॲसिड लागलेच नाही. एक दिवस सोडून कॅल्शियम क्लोराइड घातले, सुमारे पंचावन्न किलो, थोडे थोडे करून. सोडा आणि हे क्लोराइड एकाच वेळी घातले तर पाण्यात खडूसारखा साका होतो, म्हणून मध्ये अंतर ठेवायचे. शिवाय ब्लीचिंग पावडरमधून चुना येतच राहणार, म्हणून १५० वर थांबलो. मग सायन्युरिक आम्ल सव्वाअकरा किलो. ते विरघळायला दिवस लागतात, तेव्हा घाई करायची नाही. शेवटी क्लोरीनची पूर्ण मात्रा.

क्लोरीनचाही हिशेब आहे. ३,७५,००० लिटरला २ मिलिग्रॅमप्रमाणे ७५० ग्रॅम क्लोरीन लागतो. ताज्या ब्लीचिंग पावडरमध्ये तो सुमारे तेहतीस टक्के असतो, म्हणजे सव्वादोन किलोच्या थोडी वर पावडर पुरते. पण ओल लागलेल्या, महिनोन्‌महिने पडलेल्या पोत्यात तो वीस टक्क्यांवर आलेला असेल, तर पावणेचार किलो लागेल. स्वस्त म्हणून जुना माल घेणाऱ्यांनी हे गणित करून पाहावे. आमच्या फाइलमधले सोड्याचे बिल दोन टँकरांच्या बिलाहून कमी आहे. ‘एवढे सगळे करायला पैसा कुठून आणायचा?’ हा प्रश्न मला त्या दिवशी विचारला गेला होता. त्याचे उत्तर माझ्या वहीतच आहे. तो पैसा एकतीस टँकरांत गेला. ते पाणी तलाव बंद होईपर्यंत टिकले. पावडर ठरल्या मापाने लागली, आणि डोळ्यांची तक्रार घेऊन माझ्या टेबलापाशी कोणी आले नाही.

आता दुसऱ्या निर्णयाविषयी, म्हणजे अण्णांच्या ‘निष्काळजीपणा’विषयी. तो ॲसिडचा कॅन मी नंतर पाहिला. त्यावर धोक्याची सूचना होती. पोत्यावरही होती. दोन्ही इंग्रजीत, बारीक अक्षरांत. माझे शिक्षण दहावीपर्यंत मराठी शाळेत झाले. मला ती सूचना शब्दकोश घेऊन दोनदा वाचावी लागली. अण्णा कन्नड चौथीपर्यंत शिकलेले. त्यांनी ती कशी वाचावी? त्यांना हातमोजे दिले नव्हते, तोंडाला लावायला काही दिले नव्हते, पाणी तपासण्याचे साहित्य दिले नव्हते. हात बुडवून पाहणे एवढीच तपासणी त्यांच्या हाती होती. ज्याला वाचता येत नाही अशा भाषेत सूचना लिहायची, आणि ती पाळली नाही म्हणून त्याचा पगार कापायचा, याला मी न्याय म्हणू शकत नाही.

म्हणून दुसऱ्यांदा तलाव भरताना मी सरांच्या मदतीने एक फलक तयार केला, अर्धा कन्नड, अर्धा मराठी. वर कोणती भाषा घ्यायची यावर व्यवस्थापकांच्या खोलीत अर्धा तास वाद झाला. आपल्या गावात तो होणारच. कामावर परतलेले अण्णा दाराशी उभे होते. ते म्हणाले, ‘वर काय बी लिवा, मला वाचतंय ते लिवा.’ शेवटी दोन्ही शेजारी शेजारी आल्या. लिहिताना माझ्या लक्षात आले की शब्द शोधायला लांब जावे लागत नाही. आपल्याकडचा मराठी शेतकरी माती परीक्षणाच्या अहवालात ‘सामू’ वाचतो आणि कन्नड शेतकरी ‘रससार’ वाचतो. दोघांना ती गोष्ट ठाऊक आहे. ठाऊक नाही ते फक्त कॅनवरचे इंग्रजी. फलकावर चारच सूचना मोठ्या अक्षरांत आहेत. पावडर आणि ॲसिड यांची बादली वेगळी. पावडर आणि क्लोरीनच्या गोळ्या एकत्र करू नयेत, आग लागते. ॲसिड पाण्यात ओतावे, पाणी ॲसिडमध्ये कधीही नाही. आणि मोजल्याशिवाय काही टाकू नये.

माझे मागणे फार मोठे नाही. ज्या तलावावर तिकीट लावले जाते, तिथे रोज सकाळ-संध्याकाळ क्लोरीन आणि सामू मोजून एका वहीत लिहावा, आठवड्याला क्षारता आणि महिन्याला कठीणपणा व सायन्युरिक आम्ल लिहावे, आणि ती वही तिकीट-खिडकीपाशी टांगावी. आज आपल्याला तलावाचे भाडे, वेळ, पोशाखाचे नियम हे सगळे पाटीवर वाचायला मिळते. ज्या पाण्यात आपण डोळे उघडतो त्याचा आकडा मात्र मिळत नाही. सहकारी संस्थेचा ताळेबंद सभासदांपुढे येतो, मग पाण्याचा का येऊ नये? पाणी काढून टाकायचे असेल तर कारण त्याच वहीत लिहावे आणि खाली सही करावी. सही करावी लागली की माणूस एकदा तरी विचार करतो.

कोणी म्हणेल, एका उन्हाळ्यात तिकिटे फाडणाऱ्या मुलाने एवढे शहाणपण शिकवू नये. शिकवण्याचा माझा अधिकार नाही हे खरेच. पण वही माझ्या हातात होती, म्हणून दिसले ते सांगतो. त्या वहीत मी अण्णांचा सहा दिवसांचा पगार ‘देणे’ म्हणून दाखवला होता. जून महिन्यात तो खोडायला मला सांगण्यात आले. मी खोडला नाही. पुढच्या वर्षी ती वही बदलली, असे ऐकतो.

अण्णा अजून तिथेच आहेत. गेल्या एप्रिलमध्ये मी पोहायला गेलो होतो. नेहमीप्रमाणे विचारले, ‘अण्णा, पाणी कसं आहे?’ त्यांनी हात बुडवला नाही. खिशातून चिठ्ठी काढली आणि म्हणाले, ‘रससार सात पॉइंट चार. जा.’ तुम्हीही या उन्हाळ्यात पोहायला जाल तेव्हा तिकीट घेण्याआधी तेवढा आकडा विचारा. सांगता आला तर खुशाल पाण्यात उतरा. सांगता आला नाही, तर दारावरची पाटी कितीही नवी असली तरी थोडा वेळ काठावरच थांबा.